मूल चावतं तेव्हा: पालक आणि अंगणवाडी टीचर वारंवार विचारतात ते प्रश्न

बेळगाव शहर, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागांतून पालक, आज्ज्या आणि अंगणवाडीतल्या टीचर मला जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. मी बालवाडीत शिकवते. माझ्या हातावरही असे वळ उठले आहेत, आणि चावणाऱ्या मुलांच्या आयांना खाली मान घालून फाटकाशी उभं राहिलेलं मी पाहिलं आहे. घाईत असाल तर आधी प्रश्न ३ आणि ४ वाचा.

१. दीड वर्षाचं पोरगं सगळ्यांना चावायलंय. हे नॉर्मल आहे का?

हो. एक ते तीन वर्षांच्या मुलांत चावणं खूप आढळतं. बोलता येत नाही, राग मात्र पूर्ण वाढीचा असतो. त्यात दात येत असतात. पहिल्या दाढा साधारण १३ ते १९ महिन्यांत येतात आणि दुसऱ्या २३ ते ३३ महिन्यांत. या काळात हिरड्या शिवशिवतात, जे सापडेल ते दाबून धरावंसं वाटतं. स्वच्छ ओलं फडकं फ्रिजमध्ये गार करून चावायला द्या. हिरड्या बधिर करणारी जेल स्वतःच्या मनाने लावू नका. बोलणं वाढलं की बहुतेक मुलांचं चावणं आपोआप ओसरतं. चार वर्षं उलटूनही ते चालू असेल किंवा वाढत असेल, तर प्रश्न १७ पाहा.

२. डॉक्टर 'सेन्सरी' म्हणाले. म्हणजे नेमकं काय?

डोळे, कान, नाक, जीभ, त्वचा ही पाच ज्ञानेंद्रियं आपण शाळेत शिकलो. यांखेरीज आणखी दोन आहेत. एक कानाच्या आतलं, ते तोल आणि हालचाल सांगतं. दुसरं स्नायू आणि सांध्यांतलं. हात कुठे आहे, किती जोर लागतो आहे, हे न बघता कळतं ते त्याच्यामुळे. जबड्याचे स्नायू खूप ताकदीचे असतात, म्हणून काहीतरी करकचून चावलं की मेंदूला या जोराचा मोठा, स्पष्ट संदेश मिळतो. काही मुलांना तो शांत करतो. आपण नाही का, टेन्शन आलं की दात आवळतो, पेनाचं टोपण चघळतो, शेंगा फोडत बसतो? मुलाची गरज तीच असते, फक्त त्याच्या तोंडाशी टोपणाऐवजी शेजारच्याचा दंड येतो.

काही मुलांना असा जोर कमी पडतो, म्हणून ती तो शोधत फिरतात. काहींना आवाज, गर्दी, स्पर्श फार होतो, म्हणून ती चावून स्वतःची सुटका करून घेतात. दोन्हींचा चावा सारखाच दिसतो, पण उपाय वेगळे असतात.

३. आमचं मूल नेमकं कशासाठी चावतं, हे ओळखायचं कसं?

एक वही करा. दोन आठवडे प्रत्येक चाव्याची नोंद ठेवा: किती वाजता, कुठे, आधी काय झालं, कुणाला चावलं, नंतर काय मिळालं. न चावता टळलेले प्रसंगही लिहा, त्यांतून जास्त कळतं.

माझ्या वर्गातल्या तीन वर्षांच्या एका मुलाचं सांगते. सगळे म्हणायचे, हा कधीही चावतो, काही नेम नाही. वहीत मात्र पाचपैकी चार चावे सव्वाअकराच्या आसपासचे निघाले. ती जेवणाआधी हात धुवायच्या रांगेची वेळ. जागा अरुंद, मागचं मूल अंगावर टेकलेलं, नळाचा आवाज, शिवाय पोटात भूक. मग मी रांगेकडे नीट पाहू लागले. चावण्याच्या आधी त्याच्या दोन्ही मुठी आवळायच्या, हनुवटी पुढे यायची आणि क्षणभर श्वास थांबायचा. त्याची कॉलर तर तोवर चघळून चिंब झालेली असायची. म्हणजे तासभर आधीपासून तो सांगत होता, आम्हीच वाचत नव्हतो.

दुसऱ्या दिवसापासून त्याला रांगेतून काढलं आणि एक काम दिलं: भरलेला पाण्याचा जग दोन्ही हातांनी धरून ताटांपर्यंत न्यायचा. अंगाला धक्का नाही, हातांना वजन आणि सगळ्यांच्या पुढे चालायचा मान. चावणं एका दिवसात थांबलं नाही, पण रांगेतलं थांबलं.

नोंदींवरून साधारण असा अंदाज बांधा. एकटा असतानाही कॉलर, बाही, पेन्सिल चघळत असेल तर तोंडाला काम हवं आहे (प्रश्न ६). गर्दीत, आवाजात चावत असेल तर त्याला फार होतं आहे (प्रश्न १०). खेळणं हिसकावल्यावर चावत असेल तर शब्द कमी पडत आहेत (प्रश्न ११). आणि एरवी न चावणारं मूल अचानक चावू लागलं तर आधी दात, कान आणि पोट तपासून घ्या. किडलेली दाढ, ठणकणारा कान किंवा चार दिवसांची बद्धकोष्ठता मुलाला सांगता येत नाही.

४. दात रुतलेले असताना हात सोडवायचा कसा?

हात मागे ओढू नका. ओढल्याने कातडी फाटते. उलट हात अलगद त्याच्या तोंडाच्या दिशेने दाबा, पकड सैल होते आणि मग सोडवता येतो. नाक दाबू नका, केस ओढू नका, किंचाळू नका. काही मुलांना आपली किंकाळी हाच मोठा तमाशा वाटतो.

सुटल्यावर दोनच वाक्यं, हळू आवाजात: "चावायचं नाही. दुखतं." आधी ज्याला चावलं त्याच्याकडे जा. नंतर चावणाऱ्याला बाजूला घेऊन त्याच्या हातात चावायची वस्तू द्या: "हे चाव." व्याख्यान नको, त्या क्षणी त्याच्या कानात काहीच शिरत नसतं.

५. आज्जी म्हणतात, एकदा उलटं चावून दाखव, नाहीतर जिभेला मिरची लाव. म्हणजे खोड मोडते.

नाही. आज्जी मायेपोटीच सांगतात, त्यांच्याशी भांडू नका, पण हे करू नका. मोठी माणसं चावतात तर चावणं चालतं, एवढंच मूल त्यातून शिकतं. मिरचीने तोंड भाजतं, आणि तोंडालाच जास्त संवेदना हवी असलेलं मूल त्यानंतर जास्त चावतं. थप्पड मारून चावणं तुमच्यासमोर थांबेल, मग ते पाठीमागे होईल.

आज्जींना एक काम द्या: चावायची कडक भाकरी भाजायचं. कुणीतरी काम दिलं की घरातलं अर्धं भांडण मिटतं, हा माझा अनुभव आहे.

६. तोंडाला काय द्यायचं? महागडं सामान नको, घरातलं सांगा.

आपल्या भागाचं खाणं या बाबतीत फार सोयीचं आहे. मऊ वरणभातावर वाढणाऱ्या मुलाच्या जबड्याला दिवसभर काहीच काम नसतं, हे आधी लक्षात घ्या.

कुरकुरीत: जोंधळ्याची कडक भाकरी, भाजलेला पापड, खरपूस टोस्ट. चिवट: बी काढलेल्या खारकेच्या बारीक फोडी, आंबापोळी, फणसपोळी, भाकरीचा जाड काठ. मोठ्या मुलांना गोकाकचं करदंट, त्यातला डिंक आणि गूळ दातांना चांगलं कामाला लावतात. गोड आहे, तेव्हा लहान तुकडा आणि नंतर चूळ. आंबट: आवळ्याची फोड, कोकम. ओढून प्यायचं: घट्ट लस्सी किंवा पातळ आंबील बारीक स्ट्रॉने. ओढताना ओठ, गाल, जीभ सगळे काम करतात, आणि कित्येक मुलं त्यानेच निवतात.

वेळ महत्त्वाची. चावून झाल्यावर खाऊ दिला तर चावलं की खाऊ मिळतो हे पक्कं होतं. वहीत जी वेळ सापडली, तिच्या पंधरा-वीस मिनिटं आधी द्या.

आता सर्वांत गंभीर गोष्ट. चार वर्षांखालच्या मुलांना अख्खे शेंगदाणे, फुटाणे, चिक्की, कच्च्या गाजराचे तुकडे, अख्खी द्राक्षं, पॉपकॉर्न, कडक गोळ्या देऊ नका. श्वासनलिकेत अडकतात. मूल बसलेलं असावं, पळत किंवा झोपून खाणं नको, आणि शेजारी मोठं माणूस हवं. उसाचे करवे जबड्याला उत्तम, पण रस चोखून चोथा थुंकता येतो अशाच मुलाला द्या. साधारण पाच-सहा वर्षांनंतर. गिळताना ठसका लागणाऱ्या मुलाला यातलं काहीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

७. ऑनलाइन चावायच्या माळा, नळ्या मिळतात. घ्याव्यात का?

कॉलर आणि बाह्या चघळणाऱ्या मुलाला उपयोग होतो. खाद्यपदार्थांसाठी चालणाऱ्या सिलिकॉनच्या, एकसंध, मणी नसलेल्या घ्या. गळ्यात घालायची असेल तर ओढ बसली की आपोआप सुटणारी कडी हवी. झोपताना काढा. रोज साबणाने धुवा. चीर पडली की फेकून द्या, तुकडा तुटून घशात जातो. रंगवलेली लाकडी खेळणी, किल्ल्या, सायकलच्या ट्यूबचे तुकडे पर्याय म्हणून देऊ नका. तीन वर्षांखालच्या मुलाच्या गळ्यात काहीच नको, वस्तू हातात द्या.

८. सारखं चघळायला दिलं तर तीच सवय लागेल ना?

सवय आधीच आहे, आपण फक्त तिची जागा बदलतो आहोत, माणसाच्या दंडावरून वस्तूवर. गरज भागली की बहुतेक मुलं ती वस्तू स्वतःच कुठेतरी विसरायला लागतात.

९. फक्त तोंडाला देऊन भागतं का?

भागत नाही, आणि माझ्या मते खरी कमाई इथेच आहे. जो जोर जबड्यातून मिळतो, तोच खांदे, पाठ आणि मांड्यांतूनही मिळतो. ढकलणं, ओढणं, उचलणं, चढणं, पिळणं, मळणं. थेरपिस्ट याला 'हेवी वर्क' म्हणतात. आपल्याकडे याला घरकाम म्हणतात.

कणीक मळायला द्या, घट्ट गोळा. मुलाला पेलेल अशी छोटी कळशी अर्धी भरून अंगणातल्या झाडांपर्यंत न्यायला सांगा. ओले कपडे दोघांनी दोन टोकं धरून पिळा. पाव किलो तांदूळ भरलेल्या दोन कापडी पिशव्या या खोलीतून त्या खोलीत न्यायला द्या. भिंत 'सरकवायला' लावा: दहा आकडे मोजेपर्यंत दोन्ही तळहातांनी ढकलायची. हत्तीसारखं, बेडकासारखं चालणं. झाडाला बांधलेला झोका, पण संथ आणि एका रेषेत. गरगर फिरवल्याने काही मुलं आणखी पेटतात.

वाकळीचा खेळ मुलांना फार आवडतो. वाकळ पसरा, मुलाला कडेला झोपवा आणि गुंडाळत न्या, डोकं कायम बाहेर ठेवून. मग वरून तळहाताने खांद्यापासून पायापर्यंत सावकाश दाबा. त्याने "आणखी" म्हटलं तर आणखी, "सोड" म्हटलं की लगेच सोडायचं. बोलता न येणाऱ्या मुलाचा चेहरा बघत राहा, अंग ताठ झालं तर थांबा. रडणाऱ्या मुलाला शिक्षा म्हणून गुंडाळणं हा या खेळाचा अर्थ नव्हे, तो छळ आहे.

दिवसातून एकदा तासभर करण्यापेक्षा पाच-दहा मिनिटं, चार-पाच वेळा केलेलं बरं. शाळेत जाण्याआधीची एक फेरी चुकवू नका. जांबोटी, कणकुंबीकडे जून लागला की पाऊस मुलांना दाराबाहेर पडू देत नाही, आणि जुलैत मला सर्वांत जास्त प्रश्न येतात. त्या दिवसांत घरातली पायरी, गाद्यांचा ढीग आणि कणीक यांवरच भिस्त ठेवावी लागते.

१०. गणपतीची मिरवणूक, लक्ष्मी यात्रा, लग्नं, इथे हमखास चावतो. घरीच ठेवायचं का?

घरी कोंडू नका, पण पूर्ण सोहळाही लादू नका. ढोल-ताशे, डॉल्बी, भंडाऱ्याची उधळण, अंगावर येणारी गर्दी, हे सगळं एकदम त्याच्यावर कोसळतं. लवकर जा, गर्दी वाढायच्या आत दर्शन घ्या, कडेला उभे राहा. कान झाकणारे हेडफोन आणि चावायची वस्तू बरोबर ठेवा. निघण्याआधी पोट भरलेलं आणि झोप झालेली हवी. पाहुण्यांनी गालगुच्चे घेऊ नयेत, हे स्पष्ट सांगा. "त्याला आवडत नाही, मावशी, टाळी द्या" एवढं पुरतं.

घरातल्या रोजच्या आवाजाचाही विचार करा. वडगाव-खासबाग भागात घरातच माग चालतात. माग सुरू असताना मूल किती चिडतं आणि बंद झाल्यावर किती, ते वहीत लिहा. निदान झोपायची जागा मागापासून लांब करता येते का पाहा.

११. घरी मराठी, अंगणवाडीत कन्नड. दोन भाषांमुळे गोंधळून चावतो का? मराठी बंद करू का?

अजिबात बंद करू नका. दोन भाषा ऐकल्याने मुलाचं बोलणं बिघडत नाही. आपल्या सीमाभागात पिढ्यान् पिढ्या पोरं दोन्ही भाषांत वाढली आहेत. अडचण वेगळी आहे. "माझं आहे", "नको", "बास" हे त्याला मराठीत येतं, आणि समोरच्या टीचरना आणि मुलांना ते त्या क्षणी पोहोचत नाही. शब्द निकामी ठरला की दात पुढे येतात.

म्हणून दोन्हीकडे चालतील अशा चारच खुणा ठरवा: तळहात पुढे म्हणजे थांब, दोन्ही हात हलवले म्हणजे बास, छातीवर हात म्हणजे माझं, पोटावर हात म्हणजे भूक. त्यांबरोबर कन्नडमधले 'बेडा' (नको), 'साकु' (पुरे), 'नीरु' (पाणी) हे शब्द घरीही खेळात वापरा. आणि टीचरना मराठीतले 'नको' आणि 'बास' सांगून ठेवा. मी पाहिलेल्या टीचरनी ते आनंदाने उचलले आहेत. दोन वर्षांचा होऊनही दोन शब्द जोडत नसेल किंवा हाकेला बघत नसेल, तर आधी कानांची तपासणी करून घ्या.

१२. रागात नाही, लाडात चावते. हसत हसत माझा खांदा पकडते.

आनंदही अंगात मावेनासा होतो. ती धावत येताना दिसली की चावायच्या आधीच घट्ट मिठी मारा, किंवा दोन्ही हातांनी जोरात टाळी द्या. चावल्यावर हसू नका आणि फोटो काढू नका. घरात एकजण हसतो आणि दुसरा रागावतो, तिथे मुलाला काहीच कळत नाही.

१३. दुसऱ्यांना नाही, स्वतःच्याच मनगटाला चावतो. घट्टा पडला आहे.

प्रश्न ६ आणि ९ मधले उपाय सुरू करा, पण थेरपिस्ट किंवा बालरोगतज्ज्ञांना दाखवायला थांबू नका. स्वतःला चावण्यामागे दुखणं असू शकतं, विशेषतः न बोलणाऱ्या मुलांत: दात, कान, डोकं, पोट. तोवर मनगटावर जाड कापडी पट्टा बांधून त्वचा वाचवा. हात बांधून ठेवू नका. जखम होत असेल तर त्याच दिवशी डॉक्टर.

१४. माती, खडू, भिंतीचे पोपडे खाते. हेही सेन्सरीच का?

असू शकतं, पण आधी रक्त तपासा. लोह कमी असलेल्या मुलांना माती, खडू, पाटीची पेन्सिल खावीशी वाटते. हिमोग्लोबिन तपासून घ्या आणि जंताचं औषध डॉक्टरांना विचारून द्या. जुन्या तेलरंगाचे पोपडे विशेष धोक्याचे, त्यांत शिसं असू शकतं. चावणं आणि गिळणं वेगळं आहे. ही मुलगी गिळते आहे, म्हणून केवळ चावायची नळी देऊन थांबू नका.

१५. शाळेने सांगितलं, उद्यापासून पाठवू नका.

हे वाक्य ऐकलेली आई रात्री झोपत नाही, हे मला माहीत आहे. दुसऱ्या दिवशी वही घेऊन शाळेत जा. तक्रार घेऊन गेलात तर भांडण होतं, वही घेऊन गेलात तर बोलणं होतं. तीन गोष्टी मागा: रांगेत पहिली किंवा शेवटची जागा, दर तासाला एक 'काम' (फळा पुसणं, वह्यांचा गठ्ठा नेणं), आणि दप्तरात चावायची वस्तू ठेवायची परवानगी.

हक्कही माहीत असावेत. सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना शाळेत मारणं आणि मानसिक छळ करणं शिक्षण हक्क कायदा २००९ नुसार बंद आहे. मूल दिव्यांग असेल तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार सरकारी अनुदानाच्या किंवा मान्यताप्राप्त शाळेने भेदभाव न करता त्याला घ्यायला हवं.

१६. ज्या मुलाला चावलं त्याचं काय? त्याचे आईवडील तोंड बघत नाहीत.

जखम साबणाने, वाहत्या पाण्याखाली चांगली धुवा. नुसता वळ असेल तर गार कापड. कातडी फाटून रक्त आलं असेल तर डॉक्टरांकडे न्या, सोबत दोन्ही मुलांची लसीकरणाची कार्डं घ्या, कारण धनुर्वात आणि हिपॅटायटिस बी बद्दल डॉक्टर विचारतात. हळद, चुना, टूथपेस्ट लावू नका. माणसाच्या तोंडातल्या जंतूंनी जखम चिघळते. लाली पसरली, सूज किंवा ताप आला तर पुन्हा दाखवा.

टीचरनी त्या घरी आपणहून फोन करावा, मुलांना घ्यायला येईपर्यंत थांबू नये. चावणाऱ्याचं नाव मात्र जाहीर करू नका. आणि चावणाऱ्या मुलाच्या आईबाबांनी थेट भेटून "तुमच्या लेकराला लागलं, आम्ही यावर असं असं करतो आहोत" म्हणावं. याने फार कमी घरं पेटून उठतात.

१७. थेरपी कधी घ्यावी, कुठे? आणि हे सगळं खरंच सिद्ध झालेलं आहे का?

खरं सांगते. प्रश्न २ आणि ९ मधल्या विचाराला सेन्सरी इंटिग्रेशन म्हणतात, म्हणजे ज्ञानेंद्रियांकडून आलेले संदेश मेंदूने नीट जुळवणं. त्याची मांडणी अमेरिकेतल्या ऑक्युपेशनल थेरपिस्ट (रोजची कामं जमावीत म्हणून उपचार देणाऱ्या) जीन आयर्स यांनी केली. अनेक मुलांना उपयोग होताना मी पाहिला आहे, पण या उपचारांवरचं संशोधन मर्यादित आहे. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१२ मध्ये हेच म्हटलं: व्यापक उपचारांचा एक भाग म्हणून चालेल, पण पालकांना मर्यादा सांगा. म्हणून "शंभर टक्के बरा करतो" म्हणणाऱ्याकडे पैसे भरू नका. चांगला थेरपिस्ट सुरुवातीलाच एक मोजता येणारं उद्दिष्ट ठरवतो, उदाहरणार्थ आठवड्याचे बारा चावे सहावर आणायचे, आणि दोन-तीन महिन्यांत तुमच्याबरोबर वही उघडून बघतो. तुम्हाला खोलीबाहेर बसवून ठेवणाऱ्यापेक्षा घरी काय करायचं ते शिकवणारा निवडा.

चार वर्षांनंतरही चावतो, बोलणं मागे आहे, नजर देत नाही, स्वतःला इजा करतो, यांपैकी काहीही असेल तर वाट पाहू नका. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम चालू आहे. त्यात जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची मोफत तपासणी होते. पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा येतं, आणि गरज असलेल्या मुलांना पुढे पाठवतं. टीचरना विचारा, पथक कधी येणार, आणि तुमच्या मुलाचं नाव आधीच लिहून घ्यायला लावा. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता किंवा बहुविकलांगता असेल तर 'निरामय' या आरोग्य विम्याची चौकशी करा. वर्षाला १ लाख रुपयांपर्यंतच्या या विम्यात थेरपीचाही खर्च धरला जातो.

१८. दोन महिने बंद होतं, परत सुरू झालं. सगळं वाया गेलं का?

वाया गेलेलं नाही. घरात धाकटं बाळ आलं, सुट्टी संपली, तापातून उठला, दाढ येते आहे, घर बदललं, अशा वेळी जुनं परत डोकं वर काढतं. बरेचदा दुसरंच कारण असतं: चावणं थांबलं म्हणून आपण कळशी, वाकळ, कडक भाकरी सगळं सोडून दिलेलं असतं. जुनी वही काढा, नवीन पान उघडा, तारीख घाला आणि प्रश्न ३ पासून पुन्हा सुरू करा. या वेळी दोन आठवडे लागत नाहीत, पाच-सहा दिवसांत वेळ सापडते.